रेगेटोनचा शृंगार

२०१७ साली ‘देस्पासितो’ नावाचे एक स्पॅनिश गीत साऱ्या जगात दुमदुमत होते, आणि आमच्या इकडच्या लग्नांच्या स्वागतसमारंभांतही सनईची ध्वनिफीत संपली की ते हटकून लागत असे. त्यातला एकही शब्द वऱ्हाडी मंडळींना कळत नव्हता. शीर्षकाचा अर्थ ‘हळूहळू’ असा आहे, हेही पुष्कळांना मागाहून समजले. तरीही ते प्रेमगीत आहे याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. ज्या संगीतप्रकारात ते मोडते त्याला रेगेटोन म्हणतात, आणि त्या प्रकाराविषयी आमच्या पिढीतील बहुतेकांचे मत तीन विशेषणांत आटोपते : कर्कश, एकसुरी आणि चावट. या तिन्ही आरोपांत थोडेफार तथ्य आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. परंतु ज्या गाण्याच्या ध्वनिफिती एके काळी पोलिसांनी जप्त केल्या, त्याच्या पोटी प्रेमगीत कसे जन्मले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. शिवाय हा इतिहास मुलूख सोडून परभाषेच्या प्रदेशात वसलेल्या माणसांपासून सुरू होतो. आमच्या वाचकांना तो अगदीच परका वाटणार नाही, असा आमचा समज आहे.

आरंभ पनामात होतो. पनामाच्या कालव्याचे काम अमेरिकेने १९०४ मध्ये हाती घेतले आणि १९१४ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. तो खणणारे हात प्रामुख्याने बार्बाडोस, जमैका आणि आसपासच्या बेटांवरून आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे होते. गोऱ्या अमेरिकन कर्मचाऱ्यांचा पगार सोन्याच्या यादीवर, या मजुरांचा चांदीच्या यादीवर. आणि ही विभागणी पगारापुरती न राहता वस्ती, दुकान, दवाखाना, शाळा अशा प्रत्येक ठिकाणी पाळली जाई. कालवा झाला आणि ही माणसे तेथेच राहिली. घरात इंग्रजी, बाहेर स्पॅनिश. १९४१ च्या राज्यघटनेने तर, स्पॅनिश ही ज्यांची मूळ भाषा नाही अशा कृष्णवर्णीय स्थलांतरितांच्या पनामात जन्मलेल्या मुलांचेही नागरिकत्व हिरावून घेतले. १९४६ च्या राज्यघटनेने तो अन्याय दूर केला. भाषेवरून माणसाला उपरा ठरवणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या मजुरांच्या नातवंडा-पतवंडांच्या कानांत जमैकाचे रेगे संगीत होते आणि ओठांवर शाळेत शिकलेली स्पॅनिश. १९८० च्या दशकात रेनातो, नान्दो बूम आणि पुढे एल हेनेराल यांनी जमैकन चालींवर स्पॅनिश शब्द चढवले. पनामा शहरातल्या रंगीबेरंगी चित्रे काढलेल्या बसगाड्यांत ही गाणी मोठ्याने वाजत. एल हेनेराल न्यूयॉर्कला गेला, तेथे त्याने ध्वनिमुद्रणे केली आणि १९९० च्या सुमारास त्याचे नाव लॅटिन अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. भाषा बदलली, चाल राहिली. आमच्याकडच्या नाटकमंडळ्यांनी कानडी, गुजराती, उर्दू चालींवर मराठी पदे बसवली त्याचीच ही परतंत्र भूमीवरची आवृत्ती म्हणावी.

तालाची कथा मात्र थोडी विपरीत आहे. १९९० साली जमैकाचा गायक शाबा रँक्स याने ‘डेम बाव’ हे गीत गायिले. शीर्षकाचा अर्थ ‘ते वाकतात’. वसाहतवाद्यांपुढे वाकणाऱ्यांचा धिक्कार त्यात होता आणि त्याच दमात समलिंगी व्यक्तींचाही; आज ते ऐकताना अवघडल्यासारखे होते. पनामाच्या गायकांनी १९९१ मध्ये त्याच्या स्पॅनिश आवृत्त्या काढल्या. मग ते गीत पोर्तो रिकोला पोहोचले, तेथे शब्द गळून पडले आणि ताल तेवढा उरला. तालाचे नावही तेच पडले : देंबो. आठ मात्रांचे आवर्तन धरले तर मोठ्या ढोलाचा घुमारा पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर येतो, तर कोरडी थाप चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. म्हणजे पाय चार-चार मोजत असतात आणि कान तीन-तीन-दोन. आमचा केरवाही आठच मात्रांचा, पण तो सरळ रस्त्याने चालतो. देंबो दर पावलाला एका अंगावर कलतो. हे कलणे, आमच्या मते, रेगेटोनच्या आकर्षणाचा अर्धा भाग आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येतोच.

या तालाची मालकी कोणाची, हा प्रश्न आता न्यायालयात आहे. त्याचे मूळ जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये रचलेल्या ‘फिश मार्केट’ या वाद्यरचनेत असल्याचा दावा २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल झाला आणि पुढे त्यात शंभराहून अधिक कलावंत प्रतिवादी झाले. तो प्रारंभीच निकालात काढावा, ही त्यांची मागणी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केली नाही. केरव्यावर उद्या कोणी हक्क सांगितला तर काय होईल, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. पण स्टीली आणि क्लीव्ही हे केरव्यासारखे निनावी नाहीत, आणि त्यांच्या श्रमावर इतरांनी अमाप पैसा मिळवला, हेही खोटे नाही. जमैकाच्या तालांविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता : स्टीव्हन मार्सडेन याने रचलेल्या आणि २००२-०३ मध्ये फार गाजलेल्या एका तालाचे नाव ‘दिवाली’ आहे. जमैकात १८४५ पासून गिरमिटिया म्हणून गेलेल्या आपल्या देशबांधवांची स्मृती तिथल्या लोकव्यवहारात किती मुरली आहे, याची ती एक खूण.

असो. पोर्तो रिको हे बेट १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहत असताना त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. राजधानी सान हुआनच्या सरकारी चाळींतून, ज्यांना तेथे कासेरियो म्हणतात, १९९० च्या दशकाच्या आरंभी हे नवे गाणे उठले. व्हीको सी याने स्पॅनिशमध्ये रॅप आधीच रुजवला होता. डीजे प्लायेरो घरी ध्वनिफिती तयार करी. त्यांच्या प्रती हातोहात निघत. ‘द नॉइज’ नावाच्या नृत्यगृहाभोवती दुसरे मंडळ जमले. गाण्यांत शिव्या, बंदुका, अमली पदार्थ, उघडा देहसंबंध, आणि त्याबरोबर पोलिसांच्या जाचाची खरीखुरी तक्रार. विया केनेडी नावाच्या अशाच एका वसाहतीत वाढलेला रेमोन आयाला हा मुलगा बेसबॉलचा खेळाडू होण्याचे स्वप्न पाहत होता. पायात गोळी लागली आणि ते स्वप्न संपले. तोच पुढे डॅडी यांकी या नावाने प्रसिद्धीस आला.

१९९३ मध्ये राज्यपाल पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध ‘मानो दुरा’ म्हणजे ‘कठोर हात’ हे धोरण जाहीर केले. वसाहतींना पोलीस आणि नॅशनल गार्डच्या जवानांनी वेढा घातला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सान हुआन परिसरातील ध्वनिफितींच्या दुकानांवर अश्लीलतेच्या कायद्याखाली छापे पडले आणि शेकडो फिती जप्त झाल्या. परिणाम नेहमीचाच झाला. ज्यांनी या गाण्याचे नावही ऐकले नव्हते, त्या सुखवस्तू घरांतील मुलेही फिती शोधू लागली. २००२ मध्ये सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी पेरेओ या नृत्याविरुद्ध विधिमंडळात सुनावण्या चालवल्या. पेरेओ हा शब्द कुत्र्यावरून आला आहे. पुरुष स्त्रीच्या पाठीशी राहून नाचतो, यावरून अधिक वर्णनाची आवश्यकता नसावी. गंमत अशी की या सिनेटरबाई स्वतः एके काळच्या नामांकित विनोदी अभिनेत्री आणि नर्तिका होत्या.

आपल्याकडे अनंत फंदीला अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केल्याची आख्यायिका इंदूरकरांच्या घराघरांत सांगितली जाते. मुंबई सरकारने १९४८ च्या सुमारास तमाशावर बंदी घातली, हे तर अलीकडचे. शृंगार गरिबाच्या तोंडी आला की तो अश्लील ठरतो आणि दरबारात गेला की रस होतो, हा अनुभव आपल्या लावणीनेही घेतला आहे. तरी आम्ही सर्व दोष टीकाकारांच्या माथी मारणार नाही. त्या काळच्या पोर्तो रिकन गीतांतील स्त्री ही बहुधा एक देह असते. तिला नाव नसते, उत्तर नसते. वेल्दा गोन्सालेस यांची चिंता उपहासाने उडवून लावण्यासारखी नव्हती. त्यांचा मार्ग चुकला, इतकेच.

खरे उत्तर आतून आले. आन्यास्को गावची मार्था इवेलिसे पेसान्ते ही तरुणी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘द नॉइज’च्या पुरुषी मंडळात शिरली आणि आयव्ही क्वीन या नावाने गाऊ लागली. खर्जातला, जरा घोगरा आवाज. २००३ च्या सुमारास गाजलेल्या तिच्या ‘किएरो बाइलार’ या गीताचा आशय असा की, मला नाचायचे आहे, घाम येईपर्यंत नाचायचे आहे. पण नाचले म्हणजे तुझ्या शय्येपर्यंत येईन असे समजू नकोस. होनाजी-प्रभाकरांच्या लावणीत ‘मी’ म्हणणारी स्त्री असते आणि रचणारा पुरुष. रेगेटोनमध्ये उलट, बोलणारा पुरुष होता आणि स्त्री केवळ ऐकणारी. आयव्ही क्वीनने त्या ऐकणारीला तोंड दिले. प्रेमाला दोन पक्ष लागतात. तो दुसरा पक्ष जोवर गाण्यात नव्हता तोवर प्रेमगीत शक्यच नव्हते, आणि म्हणून रेगेटोनच्या शृंगाराचा इतिहास लिहिताना पहिला मान आम्ही तिला देतो.

दुसरा मान बचाता या डोमिनिकन संगीताचा. गिटारीच्या किणकिणत्या तारा आणि रडवेला गळा, हे बचाताचे रूप. हुकूमशहा त्रुहियोची १९६१ मध्ये हत्या झाल्यानंतर, १९६२ मध्ये, त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. खेड्यांतून शहराच्या कडेला आलेल्या कष्टकऱ्यांचे, गुत्त्यांत आणि वेश्यावस्तीत वाजणारे हे गाणे. सभ्य घरांत निषिद्ध. त्याला ‘कडवटपणाचे संगीत’ असेच म्हणत. विषय एकच : ती सोडून गेली. १९९० मध्ये हुआन लुइस गेर्रा याच्या ‘बचाता रोसा’ या संग्रहाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. डोमिनिकन मजूर समुद्र ओलांडून पोर्तो रिकोत आणि न्यूयॉर्कमध्ये गेले आणि आपले रडगाणे बरोबर घेऊन गेले.

फ्रान्सिस्को साल्दान्या आणि व्हिक्टर काब्रेरा हे दोघे असेच डोमिनिकन तरुण. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांची भेट झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात ते काम करीत. लुनी ट्यून्स या नावाने त्यांनी संगणकावर ताल आणि चाली बांधायला सुरुवात केली आणि पोर्तो रिको गाठले. २००३ चा ‘मास फ्लो’ हा संग्रह त्यांचा. २००४ मध्ये डॅडी यांकीच्या ‘बारिओ फिनो’मधील ‘गासोलिना’ची बांधणीही त्यांचीच. ‘गासोलिना’ म्हणजे जोश. तेथे शृंगार शोधू नये. (याच गीताचा २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत समावेश केला. १९९५ च्या जप्तीपासून अठ्ठावीस वर्षे.) पण त्यांच्या इतर रचनांत देंबोच्या कोरड्या थापेवर बचाताची गिटार येऊ लागली, आणि तिच्याबरोबर तिचे दुःखही आले. एका तिरस्कृत गाण्याला हळवेपण मिळाले ते दुसऱ्या तिरस्कृत गाण्याकडून. प्रतिष्ठित बोलेरोची कवाडे ठोठावण्याची त्याला गरज पडली नाही, ही गोष्ट आम्हाला फार लक्षणीय वाटते.

डॉन ओमारचे ‘दिले’ याच काळातले. नायक नायिकेला म्हणतो, आपण नाचता नाचता भेटलो हे त्याला एकदा सांगून टाक. गाण्यात भांडण नाही, फुशारकी आहे आणि तिच्या तळाशी भीतीही. २००५ चे ‘एया ई यो’ त्याहून सरस. न्यूयॉर्कचा आवेंतुरा हा बचाता गाणारा संघ आणि डॉन ओमार यांचा तो चक्क सवाल-जवाब आहे. एक मित्र दुसऱ्याला कबुली देतो की एका विवाहितेवर आपले प्रेम जडले आहे, आणि दुसरा त्याला धीर देतो, प्रेमासाठी झगड म्हणतो. शेवटी उलगडते की ती विवाहिता दुसऱ्याचीच पत्नी. एक मित्र बचाताच्या सुरात गातो, दुसरा रेगेटोनच्या ठेक्यात बोलतो; दोन संगीतप्रकार समोरासमोर उभे राहून एकाच स्त्रीविषयी बोलत आहेत आणि ती स्त्री मात्र गाण्यात मुकी आहे. आयव्ही क्वीनने उघडलेले दार पुन्हा अर्धे लोटले गेले, असे यावर म्हणता येईल.

२००६ मध्ये गुराबो गावच्या रकीम आणि केन-वाय या जोडीचा ‘मास्टरपीस’ हा संग्रह आला आणि प्रेमाच्या रेगेटोनला स्वतंत्र घर मिळाले. बंदुकांच्या गाण्यांना ‘मालियांतेओ’ आणि प्रेमाच्या गाण्यांना ‘रोमांतिकेओ’ अशी नावे पडली. या जोडीत एक गातो, दुसरा तालावर बोलतो. गाणारा आर्जव करतो, बोलणारा स्पष्टीकरण देतो. त्यांचे विषय ठराविक : न उचललेला दूरध्वनी, पहाटेपर्यंतची जाग, झालेल्या चुकीची क्षमा, तिच्या शेजारी दुसऱ्याला पाहणे. आमच्या विरहिणींना पाऊस आणि मोर होते. यांना गाडीच्या काचेवरचे दिवे आणि बंद पडलेला फोन. पनामातही हे घडत होतेच. तेथील फ्लेक्स या गायकाचे ‘ते किएरो’ २००८ मध्ये अमेरिकेतील लॅटिन गीतांच्या क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले.

आता आकर्षणाचा तो उरलेला अर्धा भाग. बोलेरो ऐकताना श्रोता बसलेला असतो. दुःखाला बसायला वेळ असतो. रेगेटोनमध्ये ताल शरीराला उठवतो, आणि त्याच क्षणी गळा सांगत असतो की सारे संपले आहे. ऐकणारा नाचतो आणि रडतो, किंवा रडायचे टाळण्यासाठी नाचतो. अठरा वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत डोळे पुसण्याची सोय या गाण्याने करून दिली. त्याची लोकप्रियता केवळ कामुकतेत शोधणाऱ्यांना हे दिसत नाही. काव्य म्हणून यातली बरीचशी गीते सामान्य आहेत, उपमा घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण आमच्या आवडत्या भावगीतांतल्या चंद्रांची मोजदाद कोणी केली तर आम्हालाही थोडे खजील व्हावे लागेल.

एक आक्षेप गंभीर आहे. आरंभी या गाण्याला तेथील लोकच ‘कृष्णवर्णीयांचे संगीत’ म्हणत. टेगो काल्देरोनसारखा कलावंत तर आपल्या आफ्रिकी वारशाचा उच्चार अभिमानाने करी. प्रेमगीत आले, खप वाढला, ‘लॅटिन’ हा सर्वसमावेशक शिक्का बसला आणि वर्णाची गोष्ट मागे पडली. पुढे कोलंबियाचे मेदेयीन शहर या संगीताचे दुसरे केंद्र झाले. पोर्तो रिकोत मागे पडलेला निकी जॅम तेथे जाऊन सावरला आणि २०१५ च्या ‘एल पेर्दोन’ने, म्हणजे ‘क्षमा’ने, पुन्हा वर आला, जे बाल्विन, मग करोल जी ही त्याच शहराची नावे. ध्वनी अधिक गुळगुळीत झाला, चेहरे अधिक उजळ. ही हानी खरी आहे. मात्र तिचे खापर प्रेमावर फोडणे आम्हाला पटत नाही. प्रेमगीत चाळींतच जन्मले होते; ते उजळ चेहऱ्यांच्या हाती सोपवले बाजाराने.

‘देस्पासितो’ हे या प्रवाहाचे मुखच. पोर्तो रिकोचा लुइस फोन्सी हा मुळात गोड प्रेमगीतांचा गायक, त्याच्या जोडीला डॅडी यांकी, आणि फोन्सीबरोबर शब्द लिहिणारी एरिका एन्दर. ती जन्माने पनामाची. गाणे अमेरिकेच्या सर्वसाधारण क्रमवारीत सोळा आठवडे पहिल्या स्थानावर राहिले. त्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केले आणि हजारो माणसे बेट सोडून गेली.

त्यानंतरच्या दोन घटना सांगून थांबतो. जुलै २०१९ मध्ये राज्यपाल रिकार्दो रोसेयो यांच्या खासगी संभाषणांतील हीन मजकूर उघड झाला आणि सारी राजधानी रस्त्यावर उतरली. मोर्च्यांत आयव्ही क्वीनपासून तरुण बॅड बनीपर्यंत अनेक कलावंत होते. २४ जुलैच्या रात्री, राजीनाम्याच्या प्रतीक्षेत, तरुण मुलामुलींनी सान हुआनच्या जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर पेरेओ केला. रात्री उशिरा राज्यपालांनी राजीनामा जाहीर केला. ‘कठोर हाता’चे पेद्रो रोसेयो हे त्यांचे वडील.

दुसरी घटना जानेवारी २०२५ ची. बॅड बनीचा जो संग्रह तेव्हा आला त्याचे नाव ‘मी आणखी छायाचित्रे काढायला हवी होती’ असे आहे. रोमांतिकेओचीच ही भाषा : ती होती तेव्हा तिचे मोल कळले नाही. पण ऐकता ऐकता लक्षात येते की गेलेल्या प्रेयसीच्या जागी हळूच आजी-आजोबा, शेजारी आणि अखेर ते बेटच येऊन बसले आहे. देंबोच्या सोबतीला त्यात प्लेना, बोंबा हे बेटाचे जुने लोकताल आहेत, आणि साल्सासाठी सान हुआनच्या संगीतशाळेतील तरुण वादक. आज बेटावर आहेत त्याहून अधिक पोर्तो रिकन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. त्या उन्हाळ्यात बॅड बनीने जगभर न फिरता आधी सान हुआनमध्येच ओळीने तीस कार्यक्रम जाहीर केले. मालिकेचे नाव होते ‘मला येथून जायचे नाही’. पहिल्या नऊ प्रयोगांची तिकिटे फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती.